रटलंड वॉटरचं एगल्टन अभयारण्य: बदकांसाठी दिवस द्यावा का, आणि दिला तर कसा

रटलंड ही इंग्लंडच्या ऐतिहासिक काउंट्यांमधली सगळ्यांत लहान काउंटी, आणि तिला कुठूनही समुद्र लागत नाही. बदकं बघायला माणसं सहसा खाडीकाठी जातात. पण गडवाल आणि थापट्या (शॉव्हेलर) ही दोन बदकं नीट, निवांत, दिवसभर बघायची असतील तर रटलंड वॉटरच्या पश्चिम टोकाला एगल्टन गावाजवळ जे अभयारण्य आहे, त्याच्या तोडीची जागा इंग्लंडच्या अंतर्भागात फार थोडी. हे परीक्षण त्या अभयारण्याचं आहे: पक्षीनिरीक्षण केंद्र, तळी, हाइड (लपून बघायच्या लाकडी खोल्या), पायवाटा, आणि परवाना घेऊन हातात नेमकं काय पडतं.

निकाल आधीच सांगतो. बदकांसाठी पाचपैकी साडेचार. कादंबांसाठी तीन. थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या रानटी हंसांसाठी दीड, तोही नशीब असलं तर. (मराठीत गूज आणि स्वॉन दोघांनाही आपण हंसच म्हणतो. इथे घोळ नको म्हणून गूजला कादंब आणि स्वॉनला हंस म्हटलं आहे.)

जागा समजून घेतली तर अर्धं काम होतं. सत्तरच्या दशकात एम्पिंगमजवळ ग्वॉश नदीच्या खोऱ्याला बांध घालून हा जलाशय केला. ग्वॉश तशी लहान नदी. जलाशयातलं बहुतेक पाणी वेलंड आणि नेन या नद्यांमधून पंपाने आणून सोडतात. पृष्ठभागाच्या हिशेबाने हा इंग्लंडमधला सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय, जवळजवळ अकरा चौरस किलोमीटर. नकाशावर तो घोड्याच्या आडव्या नालासारखा दिसतो: उत्तरेचा एक फाटा, दक्षिणेचा एक फाटा, मध्ये हॅम्बल्टनचं द्वीपकल्प. धरण पूर्वेला, तिथे पाणी तीस मीटरच्या पुढे खोल. फाट्यांची टोकं पश्चिमेला, तिथे उथळ. अभयारण्य या उथळ टोकांवर आहे, क्षेत्र सुमारे हजार एकर. पाणी अँग्लियन वॉटर कंपनीचं, पक्ष्यांची देखभाल लेस्टरशायर अँड रटलंड वाइल्डलाइफ ट्रस्टकडे.

या टोकांवर जलाशयाच्या कडेने मातीचे बांध घालून वेगळी तळी केलेली आहेत. पहिली तळी जलाशयासोबतच झाली, पुढे आणखी बरीच जोडली. कारण साधं आहे. पिण्याच्या पाण्याचा जलाशय उन्हाळ्यात उतरतो, काठ मागे सरकतो आणि उथळ चिखलाची जागा कोरडी पडते. बांधामागच्या तळ्यांची पातळी मात्र वेगळी राखता येते. म्हणजे एका ठिकाणी दोन जातींचं पाणी मिळतं, आणि म्हणून दोन जातींची बदकं. पाणी डोक्यात बसलं की ‘इथे कोण असेल’ हा प्रश्न दुर्बीण उघडण्याआधीच निम्मा सुटतो.

खोलीचा हिशेब बदकांच्या मानेवरून करावा. वर तरंगत चरणारी बदकं बूड वर करून जेवढी मान खाली घालू शकतात, तेवढंच त्यांचं ताट. चक्रांगाची (टील बदकाची) पोच वीतभर, मॅलार्डची हातभर, हंसाची मीटरभर. त्याहून खोल पाण्यावर ही बदकं दिसली तर ती चरायला नाही, विश्रांतीला आलेली असतात. अशी बदकं मान पाठीत खुपसून बसतात, ओळख पटायला त्रास देतात. थापट्या वेगळा. त्याची चोच पुढे पसरट, कडेला बारीक दातेरी पट्ट्या. त्या गाळणीतून तो पृष्ठभागावरचे सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यामुळे पाणी किती खोल याची त्याला तितकी फिकीर नसते. वीस-तीस थापटे एकामागे एक लागून गोल गोल फिरताना दिसले, तर पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं मागचा गाळतो आहे हे समजावं. हे दृश्य एगल्टनच्या तळ्यांवर हिवाळ्यात अगदी जवळून मिळतं, आणि परवान्याचे पैसे तिथेच वसूल होतात.

१९९१ साली या जागेला रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आणि पक्ष्यांसाठी विशेष संरक्षित क्षेत्र असे दोन्ही दर्जे मिळाले, ते मुख्यतः गडवाल आणि थापट्या यांच्यामुळेच. हिवाळ्यात इथे वीस हजारांहून अधिक पाणपक्षी असू शकतात. गडवालाला लोक फार लवकर ‘राखाडी बदक’ म्हणून सोडून देतात. दुर्बिणीतून राखाडी दिसतो, पण स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एकनळी दुर्बीण) लावला की छातीवरची बारीक खवल्यांची नक्षी, अंगावरच्या नागमोडी रेघा आणि शेपटीखालचा काळाकुळकुळीत भाग उलगडतो. बसलेल्या पक्ष्याच्या पंखात एक छोटा पांढरा चौकोन डोकावतो. तो दिसला की संशय उरत नाही. गडवाल वारीच्या मागे-मागे का फिरतात हेही इथे बघून घ्यावं. वारी म्हणजे काळा, पांढऱ्या कपाळाचा कूट. वारी बुडी मारून तळाचं शेवाळ वर आणते, आणि गडवाल ते तिच्या चोचीतून पळवतो. म्हणून जिथे वारींचा थवा, तिथे गडवाल शोधावा. हा नियम इतका पक्का आहे की लांबच्या काळ्या ठिपक्यांमध्ये आधी पांढरी कपाळं शोधणं फायद्याचं.

आता पोहोचण्याचं. ओकम हे जवळचं रेल्वे स्टेशन, लेस्टर ते पीटरबरो मार्गावर. तिथून एगल्टन सुमारे तीन किलोमीटर, चालत किंवा सायकलने सहज. गाडी असेल तर केंद्रापाशीच लावता येते. अभयारण्यात जायला केंद्रात परवाना घ्यावा लागतो. दर आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघण्याआधी ट्रस्टच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं. डिसेंबरात सूर्य चारच्या आधी मावळतो, तेव्हा अकराला पोहोचून ‘दिवसभर’ म्हणण्यात अर्थ नाही. नऊला दारात असावं. कुत्रा घेऊन जाण्याची ही जागा नाही.

केंद्राच्या वरच्या मजल्यावर मोठ्या काचांचं दालन आहे, समोरच एक नंबरचं तळं. नवख्यांना आणि ज्यांना फार चालवत नाही त्यांना हे दालन फार उपयोगी: उबदार, बसायला जागा, उंचीवरून दिसत असल्याने काठाच्या गवतामागे लपलेले चक्रांगही नजरेत येतात. अनुभवी माणसानेही दिवसाची सुरुवात इथे करावी. तळ्यावर आज कोण आहे आणि वारा कुठला आहे हे दहा मिनिटांत कळतं, आणि नोंदवहीत आदल्या दिवसांत कोण दिसलं तेही वाचता येतं. मात्र काचेतून स्कोप लावू नये. काच तिरकी पडली की प्रतिमा दुहेरी होते, वर आतली ऊब आणि बाहेरची थंडी यामुळे काचेपाशी हवा हलते. साठपट वर्धन लावून ‘स्कोप खराब आहे’ म्हणणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा अशा काचेची असते.

केंद्रातून दोन बाजूंना वाटा जातात, एक उत्तरेच्या तळ्यांकडे, एक दक्षिणेच्या. एकाच दिवसात दोन्ही टोकं आणि प्रत्येक हाइड असा हट्ट केला तर बघणं कमी आणि चालणं जास्त होतं. एकच बाजू नीट करायची असेल तर प्रकाशावरून ठरवावी. सकाळी पूर्वेकडे तोंड असलेल्या हाइडमधून सगळी बदकं काळी सावलीसारखी दिसतात; गडवाल, तरंग (विजन बदक), लालसरी (पोचर्ड) सगळं एकच. तीच खिडकी दुपारी एकनंतर सोनं होते. आभाळ एकसारखं भरलेलं असेल तर हा प्रश्नच नाही, आणि खरं सांगायचं तर बदकांच्या अंगावरची बारीक नक्षी बघायला तसाच सपाट, करडा दिवस सगळ्यांत चांगला.

हाइड म्हणजे लाकडी खोली, आत बाक, समोर आडव्या फटीसारख्या खिडक्या. खिडकी उघडण्याची एक पद्धत आहे, ती न पाळल्याने सर्वाधिक नुकसान होतं. आधी बंद खिडकीच्या काचेतून किंवा फटीतून समोर बघावं. काठावर तरंग चरत असतील तर त्यांची मोजणी आधीच करून घ्यावी, कारण खिडकीचा पहिला खटका झाला की गवतातला अख्खा थवा पाण्यात उडी घेतो आणि मग पुन्हा वर यायला बराच वेळ लावतो. खिडकी हात लावून, आवाज न करता उचलावी, खिटी बसवूनच सोडावी. हात, स्कोपची नळी, कॅमेऱ्याची लेन्स खिडकीबाहेर काढू नये. बदकं माणसाच्या आकृतीला सरावतात, बाहेर हलणाऱ्या हाताला नाही.

सामान. ८×४२ ची (आठपट वर्धन, ४२ मिलिमीटरचं भिंग) दुर्बीण तळ्यांसाठी पुरेशी आहे, १०×४२ थोडी अधिक उपयोगी पण थंडीत हात कापत असतील तर तो फायदा वाया जातो. मोठ्या पाण्यासाठी स्कोप हवाच. २०–६०×८० हा नेहमीचा प्रकार घेतला तर हिशेब असा: भिंगाचा व्यास भागिले वर्धन म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. वीसपटीला ती ४ मिलिमीटर, तीसपटीला २.७, साठपटीला जेमतेम १.३. डिसेंबरच्या दुपारी तीननंतर साठपट लावलं तर बदक मोठं दिसतं, पण काळपट आणि मऊ. तीसपर्यंतच थांबावं, रंग टिकतात. ६५ मिलिमीटरचा हलका स्कोप चालेल का, तर हो, दिवसाचा मधला वेळ पुरेसा असेल तर. तिरक्या डोळ्याचा स्कोप हाइडच्या बाकावर बसून वापरायला सोपा, आणि वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना ट्रायपॉड न हलवता बघता येतं. सरळ डोळ्याचा स्कोप असेल तर ट्रायपॉड उंच करावा लागतो आणि बाकाच्या मागे उभं राहावं लागतं. ट्रायपॉडचे पाय बाकाखाली बसत नाहीत ही नेहमीची अडचण. दोन पाय पुढे भिंतीला टेकवून तिसरा बाकावर ठेवला तर स्कोप स्थिर राहतो. खिडकीच्या फळीला अडकवायचा क्लँप हलका असतो, पण शेजारचा उठला की फळी हलते आणि प्रतिमा नाचते.

तळी संपवून मोठं पाणी बघायला जावंच. बुडी मारणारी बदकं तिकडे असतात: शेंडी बदक, लालसरी, गोल्डनआय, आणि मासेखाऊ गूसँडर. रटलंड वॉटरमध्ये मासेमारीसाठी ट्राउट सोडतात, गूसँडरला त्याची पर्वा असो वा नसो, लहान मासे भरपूर आहेत. लाटा असतील तर मोजणी फसवी होते. गोल्डनआय साधारण वीस-तीस सेकंद पाण्याखाली राहतो, त्यामुळे थव्यातले निम्मे कुठल्याही क्षणी अदृश्य असतात. पद्धत अशी: डावीकडून उजवीकडे एकदा मोजा, थांबा, उजवीकडून डावीकडे पुन्हा मोजा, आणि मोठा आकडा धरा. सरासरी काढू नका, कारण इथे चूक एकाच दिशेची असते. बुडालेलं बदक कमीच मोजलं जातं, जास्त कधीच नाही. मोठा थवा असेल तर दहा पक्ष्यांची जागा डोळ्यात बसवून त्या मापाने पुढे सरकावं. ब्रिटनभर दर महिन्याला पाणपक्ष्यांची जी मोजणी होते, तिच्यातले स्वयंसेवकही मोठ्या थव्यांना असंच मोजतात.

जोराचा नैर्ऋत्य वारा असेल तर वाऱ्याच्या आडोशाचा काठ शोधावा, बदकं तिथेच गोळा झालेली असतात. वारा पाठीशी ठेवून उभं राहिलात तर स्कोपही कमी हलतो आणि बदकंही जवळ मिळतात. एका दगडात दोन्ही कामं. कडाक्याची थंडी पडून उथळ तळी गोठली की चित्र उलटतं. तळ्यांवरची बदकं खोल पाण्याकडे सरकतात, कारण खोल पाणी उशिरा गोठतं. अशा दिवशी एगल्टनच्या हाइडमध्ये बसून बर्फाकडे बघत राहण्यापेक्षा धरणाच्या बाजूला आणि नॉर्मंटनच्या चर्चपाशी जावं. तिथे परवाना लागत नाही.

आता ओळखीतल्या चुका, कारण जागा कितीही चांगली असली तरी याद्या इथेच बिघडतात.

जून ते सप्टेंबर या काळात नर बदकं पिसं टाकतात आणि मादीसारखी तपकिरी होतात. तीन-चार आठवडे तर उडताही येत नाही, म्हणून ती मोठ्या सुरक्षित पाण्यावर जमतात. जुलै-ऑगस्टमध्ये इथे शेंडी बदकांचे मोठे जमाव दिसतात ते यामुळे. या काळात पिसांवर नाही, चोचीवर जावं. चोचीचा रंग फारसा फसवत नाही. मॅलार्डच्या नराची चोच पिसं टाकल्यावरही पिवळीच राहते. गडवालच्या मादीच्या चोचीला दोन्ही कडांना सरळ नारिंगी पट्टी असते आणि मधला भाग गडद. मॅलार्ड मादीच्या चोचीवर गडद डाग वेडावाकडा पसरलेला असतो. तरंग मादीची चोच निळसर करडी, टोक काळं. थापट्याला सगळ्यांत उशीर लागतो. नोव्हेंबरातही त्याचा नर अर्धवट रंगाचा असतो, आणि चोचीमागे फिकट चंद्रकोर दिसते. ही चंद्रकोर बघून दुर्मिळ अमेरिकन निळपंखी टील सापडल्याचा आनंद दरवर्षी कुणाला तरी होतो. आधी चोचीची लांबी बघावी.

शेंडी बदकाच्या काही माद्यांना चोचीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो, आणि त्यांना स्कॉप समजलं जातं. स्कॉप हे समुद्रावरचं बदक, अशा अंतर्भागात क्वचित येतं. स्कॉपचं डोकं गोल, मागे शेंडीचा मागमूस नाही, आणि चोचीवरचा काळा रंग फक्त टोकाच्या नखाएवढा. शेंडी बदकाच्या चोचीचं टोक रुंद काळं. हे तपासायला स्कोपमधून समोरासमोर चोच दिसायला हवी; बाजूने बघून निर्णय घेऊ नये. संकराचा प्रश्न आणखी वाईट. शेंडी बदक आणि लालसरी यांचा संकर कधी स्कॉपसारखा दिसतो, कधी आणखी कुणासारखा. डोळ्याचा रंग, पाठीचा करडेपणा, डोक्याचा आकार या तिन्हींतली एक जरी गोष्ट जुळत नसेल तर तो संकर आहे असं धरून चालावं.

लालसरीबाबत एक निरीक्षण करून बघावं: नर आणि माद्या वेगळ्या मोजाव्यात. ब्रिटनच्या हिवाळी थव्यांत नर जास्त असतात, कारण माद्या आणखी दक्षिणेला जातात. लालसरी आता ब्रिटनच्या लाल यादीत (सर्वाधिक चिंतेच्या पक्ष्यांत) आहे, म्हणून ही वेगळी मोजणी कामाची ठरते.

तपकिरी डोक्याचा गूसँडर दिसला की काहीजण मर्गान्सर लिहितात. गूसँडर मादीचं तपकिरी डोकं आणि पांढरी मान यांच्यात सुरीने कापल्यासारखी रेघ असते. मर्गान्सरमध्ये रंग हळूहळू विरतो. समुद्रापासून इतक्या आत गूसँडर हेच पहिलं उत्तर.

कोण येत नाही हेही सांगायला हवं. स्म्यू नावाचं छोटं पांढरं, डोळ्याभोवती काळा डाग असलेलं बदक हे रटलंड आणि शेजारच्या आयब्रुक जलाशयाचं जुनं आकर्षण. आता त्यांची संख्या खूप घटली आहे, आणि त्याचं दुःख इथल्या प्रत्येक जुन्या निरीक्षकाला आहे. कारण इथल्या पाण्यात नाही. हिवाळे सौम्य झाल्याने ते पक्षी हॉलंडमध्ये, बाल्टिकमध्ये, त्याहूनही पूर्वेला थांबतात आणि पश्चिमेला यायची त्यांना गरजच उरत नाही. बेविक हंसाचीही तीच कथा. स्म्यूसाठीच जाणार असाल तर पूर्व युरोपात कडाक्याची थंडी पडून आठवडाभर झाला की जा. आणखी एक बदक आता दिसत नाही ते वेगळ्या कारणाने: अमेरिकेतून आणलेला रडी डक पिंजऱ्यातून सुटून मध्य इंग्लंडच्या जलाशयांवर मोठ्या संख्येने पसरला होता. तो स्पेनमधल्या दुर्मिळ पांढऱ्या डोक्याच्या बदकाशी संकर करू लागल्याने २००५ पासून सरकारी मोहीम काढून त्याला जवळजवळ संपवलं. जुन्या याद्यांमध्ये त्याचे मोठे आकडे बघून गोंधळू नये.

कादंबांना तीनच गुण का? वर्षभर दिसणारे बहुतेक कादंब माणसाने आणलेल्यांचे वंशज आहेत: सतराव्या शतकात आणलेला कॅनडा कादंब, पुन्हा सोडलेल्या कलहंसांचे (ग्रेलॅग कादंबांचे) थवे, आणि इजिप्शियन कादंब. इजिप्शियन मात्र आवर्जून बघावा, रटलंड वॉटर ही त्याची जुनी, भरवशाची जागा. डोळ्याभोवती तपकिरी चष्मा, छातीवर एक तपकिरी डाग, उडताना पंखावर मोठा पांढरा पट्टा. तो झाडाच्या ढोलीत घरटं करतो आणि जानेवारी-फेब्रुवारीतच पिल्लं घेऊन फिरताना दिसू शकतो, त्यामुळे झाडाच्या फांदीवर कादंब बसलेला दिसला तर डोळे चोळू नयेत. खरे रानटी कादंब इथे बसत नाहीत, वरून जातात. हिवाळ्यात गुलाबी पायांचे कादंब नॉरफोक आणि लँकशायर यांच्यामध्ये ये-जा करताना मध्य इंग्लंडवरून लांबलचक रांगेत उडतात. त्यांचा उच्च, दोन सुरांचा आवाज आधी येतो, रांग नंतर दिसते. हाइडच्या छपराखाली बसलात तर ही रांग हुकते. दोन हाइडमधली वाट चालताना कान उघडे ठेवावेत. टोप्या कानावर ओढून चालणाऱ्यांना ही गोष्ट कधी मिळत नाही.

हंसांमध्ये मूक हंस भरपूर, नारिंगी चोच आणि मुळाशी काळी गाठ. व्हूपर आणि बेविक आले तर एखाद-दुसरा दिवस. दोघांच्याही चोचीला पिवळा रंग असतो, पण व्हूपरमध्ये तो पिवळा रंग पाचरीसारखा टोकदार होत नाकपुडीच्या पुढे जातो, बेविकमध्ये गोलसर होऊन आधीच थांबतो. लांबून चोच दिसत नसेल तर मान बघावी: मूक हंसाची मान बहुधा वळणदार, व्हूपरची बांबूसारखी ताठ. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत, रात्रभर उत्तरेचा वारा सुटून सकाळी पाऊस पडला असेल, तर पहाटेच मोठ्या पाण्यावर नजर टाकावी. ते दमून उतरतात आणि बहुधा दुपारपर्यंत निघून जातात.

याच नियमाने समुद्रावरची बदकंही कधी मिळतात. कॉमन स्कोटर हे काळं समुद्री बदक वसंतात रात्री इंग्लंड आडवं ओलांडतं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे रात्री शांतता असल्याने घराच्या अंगणातून अनेकांनी त्याचा आवाज नोंदवला. जुलैमध्ये त्याचे छोटे थवे जलाशयांवर दिवसभर थांबतात. हवा खराब असेल तर धरणाजवळचं खोल पाणी बघावं, तळी नव्हे.

उन्हाळ्यात जायचं तर भुवई बदकासाठी. आपल्याकडे हिवाळ्यात हजारोंनी येणारं हे बदक ब्रिटनमध्ये उन्हाळी पाहुणा आहे, मार्चमध्ये येतं आणि सप्टेंबरपर्यंत परततं. इथे ते मोजकंच, पाणगवताच्या कडेने चोरट्यासारखं फिरतं. एप्रिलची सकाळ, नराची पांढरी भुवई आणि कंगवा घासल्यासारखा कोरडा आवाज. त्यासाठी दोन तास शांत बसायची तयारी हवी. याच दिवसांत लिंडन केंद्राकडे, दक्षिण काठावर, मोठी गर्दी असते. ती मँटन बेच्या मीनगरुडाच्या घरट्यामुळे. १९९६ पासून ते इथे परत आणले, २००१ साली पहिल्यांदा पिल्लं झाली. बदकांसाठी मात्र हिवाळ्यात एगल्टनच बरं.

कपड्यांबद्दल एकच गोष्ट: हाइडमध्ये बसून राहिल्यावर लागणारी थंडी चालतानाच्या थंडीपेक्षा बरीच जास्त असते. बाकावर घालायला जाड घडी न्यावी, बूट एक माप मोठे आणि दोन मोजे. बर्ड फ्लूच्या काळात मेलेल्या हंसाला किंवा बदकाला हात लावू नये, केंद्रात कळवावं, आणि दुसऱ्या जलाशयावर जाण्याआधी बुटांची चिखलमाती धुवावी.

दिवस संपायच्या आधी एक तास हाती असेल तर आयब्रुकला जावं, रटलंड आणि लेस्टरशायरच्या सीमेवर. १९४३ साली जर्मनीतल्या धरणांवरच्या बॉम्बहल्ल्याच्या सरावासाठी वापरलेलं हेच पाणी. गाडीतून, रस्त्याच्या कडेने बघता येतं, तिथे चालायची किंवा हाइडची गरज नाही. फाटकं अडवू नयेत. तलवार बदक आणि तरंग तिथे काठाजवळ येतात. उत्तरेच्या उथळ टोकापासून सुरुवात करून बांधाकडे सरकावं, आणि अंधार पडायला लागला की बांधाजवळच्या खोल पाण्यावर रात्रीच्या मुक्कामाला येणारे गूसँडर मोजायला शेवटची वीस मिनिटं राखून ठेवावीत.